न गेलेली

निबंधाच्या तिसऱ्या परिच्छेदात बुरुलला आपलं नाव दिसलं, आणि शिक्षकखोलीतल्या बाकीच्या आवाजांवर कुणीतरी झाकण घालावं तसं झालं. तिनं फाईल उघडली होती ती फक्त स्वल्पविराम तपासायला. शाळेच्या शेवटच्या वर्षातली, अकरावीतली अकिलाय, विद्यार्थी संसदेची अध्यक्ष, कॅनडातल्या एका लहानशा कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करत होती. मुदत आजची, संध्याकाळी सहाची. निबंधाला प्रश्न होता, नेतृत्व म्हणजे काय हे तुम्हाला कुणी शिकवलं? आणि अकिलायनं लिहिलं होतं: 'ते मला माझ्या इंग्रजीच्या शिक्षिका बुरुल एजे यांनी शिकवलं, पण त्यांना वाटतं त्या रीतीनं नाही. सतरा वर्षांच्या असताना त्यांना अमेरिकेत वर्षभर शिकायला बोलावणं आलं होतं. त्या गेल्या नाहीत. आई आजारी होती, असं त्या दरवर्षी अकरावीच्या वर्गाला सांगतात. सांगताना खिडकीकडे बघतात. मला वाटतं, त्या घाबरल्या. तेव्हापासून त्या दुसऱ्यांना पाठवत आल्या आहेत. आम्हाला पुढे ढकलताना त्यांचा हात थरथरतो, हे मी पाहिलं आहे. मला त्यांच्याइतकं भित्रं व्हायचं नाही. पण त्यांच्याइतकं दुसऱ्यांच्या उपयोगी पडायचं आहे.'

बुरुलनं मान वर केली तर ती खिडकीकडेच बघत होती. ते ध्यानात येताच तिनं नजर काढून घेतली, आणि मग कुठे ठेवायची ते कळेना, म्हणून चहाच्या पेल्यात ठेवली. चहावर साय धरत होती. खिडकीबाहेर जानेवारीतलं बिश्केक कोळशाच्या धुरात बुडालेलं होतं, समोरच्या पॉप्लरांचे शेंडे नाहीसे झाले होते, आणि पटांगणातली पोरं आवाजावरूनच ओळखायची. तिचे कान तापले होते. रागानं असतील, असं तिला वाटलं. पण राग असा नसतो, रागाला तोंड असतं. हे नुसतंच पसरत होतं, कपड्यात सांडलेल्या गरम पाण्यासारखं. आधी चटका, मग गारठा. पलीकडच्या टेबलावरून गणिताचे तिलेक अगाय म्हणाले, "काय विमानतळ, आज कुणाचं उड्डाण?" शाळेत तिला विमानतळच म्हणत. पोरं पाठीमागे म्हणत, शिक्षक तोंडावर. एरवी ती म्हणायची, तुमचं सामान जास्त आहे, तुम्हाला घेत नाही. आज तिच्या तोंडून नुसतं "हं" निघालं, आणि तिलेक अगायनी चष्म्यावरून तिच्याकडे एकदा बघितलं.

विमानतळ. विमानतळ कुठे जातो? हा विनोद कुणी पुढे नेला नव्हता, किंवा तिच्यासमोर नेला नव्हता. रोज सकाळी सहाला उठून, अपाचा, म्हणजे आईचा, चहा ठेवून, ती त्या याद्या बघत बसायची. कुठला देश काय देतो, कुणाची मुदत केव्हा, कुठे वयाची अट, कुठे इंग्रजीची, कुठे तिकीटसुद्धा देतात आणि कुठे नुसतंच 'अभिनंदन' देतात. मग शाळेत येऊन तळमजल्यावरच्या फळ्यावर लाल खडूनं तारखा लिहायच्या. पोरं यायची, फॉर्म पुढे करायची आणि रडकुंडीला यायची. "एजे, इथं विचारलंय, तुम्ही कुणाचं नेतृत्व केलंत? मी कुणाचंच नाही केलं हो." मग ती विचारायची, धाकट्यांना शाळेत कोण आणतं? आजोबांची पेन्शन अडली तेव्हा कचेरीत कोण भांडलं? "मीच. पण ते काय नेतृत्व?" "अरे, तेच! लिही." पोरांना स्वतःच्याच आयुष्यातून काहीतरी उपसून दाखवायचं, ही कला तिला साधली होती. एकेचाळीस पोरं तिच्या पत्रांवर बाहेर गेली. इस्तंबूल, बुडापेस्ट, सोल. सणाला फोटो पाठवतात, पाठीमागे कुठला तरी पूल असतो. आणि ह्या एकेचाळिसांतल्या प्रत्येकाला तिनं आईची ती गोष्ट सांगितली होती, दरवर्षी, सप्टेंबरात, पहिल्या मुदतीच्या आधी. 'मला जाता आलं नाही. तुम्हाला येतं, तर जा.' वर्ग गप्प व्हायचा. त्या गप्पपणाची तिला चटक लागली होती, हे आत्ता, ह्या क्षणी, तिला प्रथमच कळलं, आणि तिनं पेला इतक्या जोरात खाली ठेवला की साय बशीत आली.

घंटा झाली. ती सातवीच्या वर्गात गेली आणि फळ्यावर काहीतरी लिहू लागली. हात लिहीत होता. ती मात्र आपल्या गावच्या, कोच्कोरच्या पोस्टात उभी होती. त्र्याण्णवचा ऑगस्ट. रूबल जाऊन सोम आलेले, दुकानात मीठसुद्धा रांगेनं, वडील लोकरीच्या टोप्या विकायला सीमेपलीकडे गेले ते महिनाभर पत्ता नाही. तालुक्यातून एकट्या तिचीच निवड झाली होती, तीन फेऱ्यांतून. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिचं नाव भोंग्यावरून सांगितलं होतं. मग ओहायोतून पाकीट आलं. जिच्या घरी राहायचं त्या बाईनं फोटो पाठवले होते. एक घराचा, एक लठ्ठ कुत्र्याचा, आणि एक बिछान्याचा. पिवळी चादर, त्यावर उशी, उशीवर कागद, कागदावर तिचं नाव, एक अक्षर चुकलेलं. तो फोटो ती गोठ्यात जाऊन बघायची. घर, कुत्रा, काही वाटायचं नाही. बिछाना बघितला की मात्र वाटायचं, त्या चुकीच्या नावाची एक मुलगी तिथे खरोखरच आहे, ती त्या बिछान्यात झोपते, उठते, इंग्रजीत हसते, आणि आपण गेलो की तिच्या आत जाऊन बसावं लागेल, पुन्हा बाहेर येता येईल की नाही कुणास ठाऊक, असं काहीतरी. हे कुणाला सांगणार? आणि सांगून, कुणाला कळणार? सगळं कोच्कोर तिचा हेवा करत होतं.

पोस्टात ती गेली होती ती फक्त वेळ विचारायला. लाकडी खोक्यात उभं राहून, जड रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून. बिश्केकच्या कचेरीतला माणूस म्हणाला, "पुढच्या गुरुवारी सकाळी किती वाजता पोचशील?" तिनं 'नऊ' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "माझी आई आजारी आहे." कोण बोललं, म्हणून ती स्वतःच दचकली. "काय झालंय?" "मूत्रपिंडं." मूत्रपिंडंच का? आदल्या दिवशी शेजारचे कुणी त्याच दुखण्यानं इस्पितळात गेले होते, म्हणून असेल. तो माणूस हळहळला, चांगला होता. म्हणाला, मग यादीतल्या पुढच्या मुलीला कळवावं लागेल, विचार कर. तिनं विचार केला नाही. रिसीव्हर ठेवून बाहेर आली तर तारा जोडणारी गुलबारा तिच्याकडे भरल्या डोळ्यांनी बघत होती. गुलबारानं ऐकलं म्हणजे गावानं ऐकलं. बुरुल संध्याकाळपर्यंत नदीकाठी फिरत राहिली. घरी आली तर उंबऱ्याबाहेर बायकांचे बूट, आत मटणाच्या रश्शाचा वास, आणि गाद्यांवर, दोन रजयांखाली, डोक्याला फडकं गुंडाळून, अपा आडवी पडलेली.

"एजे, 'वेन्ट' की 'गॉन'?" सातवीतलं कुणीतरी विचारत होतं. "बसा," ती म्हणाली, जरी कुणीच उभं नव्हतं.

तासानंतर जिन्यातच अकिलायनं तिला गाठलं. धापा टाकत, एका खांद्यावरून दप्तर ओघळलेलं. पोरगी उंच, हाडकुळी, सारखी घाईत. हिनंच गेल्या हिवाळ्यात वर्गावर्गातून धुराची नोंद ठेवायला लावली होती, खोकणाऱ्या पोरांची यादी केली होती आणि ती घेऊन मुख्याध्यापिकेच्या दारात तीन दिवस उभी राहिली होती. तेव्हापासून दाट धुराच्या दिवशी लहान मुलांची शाळा तासभर उशिरा भरते. "एजे, मी सकाळी फाईल पाठवली ना, ती चुकीची गेली. जुनी. कच्चं लिहिलेलं होतं काहीबाही. उघडली नाहीत ना?"

"नाही गं. वेळच कुठे झाला."

पुन्हा तसंच. तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं, गुळगुळीत, तयार, जसं काही आत कुठेतरी रांगेत उभंच होतं. अकिलायच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला तो इतका उघड की बुरुलला तिची दया आली, आणि दयेच्या मागोमाग एक क्षुद्र आनंदही आला, की मी वाचलंय आणि हिला ठाऊक नाही. "नवी पाठवलीय आत्ता," अकिलाय म्हणाली. "आणि तुमचं पत्र, एजे... सहाच्या आत चढवाल ना?" "कधी विसरलेय का?" "तसं नाही हो." "मग पळ."

नवी फाईल तिनं जिन्यातच मोबाइलवर उघडली. 'नेतृत्व म्हणजे काय हे मला माझ्या आजोबांनी शिकवलं. ते उंच कुरणांवर मेंढ्या राखत. वादळात ते कळपाच्या पुढे चालत.' बुरुलनं डोळे मिटून घेतले. आजोबा! तिच्याकडे आलेल्या निबंधांत आजवर पन्नास तरी आजोबा वादळात कळपाच्या पुढे चालले होते, आणि ज्यानं कधीही मेंढ्या राखल्यात त्याला ठाऊक असतं की माणूस कळपाच्या मागे चालतो. अकिलायचे आजोबा तर इथल्या साखर कारखान्यात फिटर होते. ह्या निबंधावर तिला कुणी बोलावणार नाही. सकाळी जी फाईल आली होती तिच्यावर बोलावतील. इतक्या वर्षांत बुरुलला एवढं तर कळत होतं. कागद हातात घेतला की जिवंत कुठला आणि मेलेला कुठला ते तिच्या बोटांना समजायचं. आणि आता ती गप्प राहिली की झालं. गप्प राहणं हे खोटंसुद्धा नाही. पोरीनं स्वतःच निवड केली, आपण पत्र चढवू, उत्तम पत्र, 'मला कळवण्यास अत्यंत आनंद होतो' अशी सुरुवात असलेलं. पोरगी इथल्याच विद्यापीठात जाईल. बरं असतं की इथलं विद्यापीठ. आईपाशी राहील. तिची आई एकटी, शिवणकारखान्यात दिवसभर मशीनवर. बरंच आहे की. असा सगळा विचार एका दमात होऊन गेला आणि बुरुलनं जिन्याचा कठडा धरला, कारण हात खरोखरच थरथरत होता.

दुपारची तिची पाळी नव्हती. ती शाळेतून निघाली, रस्त्यानं चालत सुटली, मग थांबली, मग आलेल्या मार्शरुत्कात, गच्च भरलेल्या मिनीबसमध्ये, चढली आणि उभ्यानं, लोकांच्या ओल्या कोटांमध्ये दबून, घराकडे निघाली. शेजारची बाई फोनवर कुणाला तरी झापत होती, "मी कधी म्हटलं येते म्हणून? मी म्हटलं बघते!" बुरुलला वाटलं, किती लोक रोज असं थोडंथोडं खोटं बोलत असतील आणि त्यांचं काही बिघडत नाही. तिचंही काय बिघडलं होतं? शिकली, नोकरी लागली, लग्न झालं, मोडलं, मुलगा कझानला कामाला आहे, दर रविवारी फोन करतो. भित्रं म्हणावं असं काय केलं तिनं आयुष्यात? दोन क्रांत्यांच्या वेळी ती ह्याच रस्त्यानं शाळेत गेली होती. पण ती शोधू लागली, आणि शोधू लागलं की सापडतंच: नवऱ्यापासून वेगळं व्हायला लागलेली सात वर्षं. शिक्षकांसाठी परदेशात सहा आठवड्यांचा वर्ग असतो, त्याची जाहिरात दरवर्षी ती इतरांना पाठवायची. अपाला एकटं टाकून कसं जायचं? अपा. पुन्हा अपाच. आणि मग तो प्रश्न, जो तिनं एकतीस वर्षं विचारला नव्हता. नऊ दिवस अपा त्या गाद्यांवर पडून होती. दहाव्या दिवशी, विमान गेल्यावर, उठली आणि गाय पिळायला बसली. ती खरंच आजारी पडली होती का? पडली असेल, तर ते बुरुलच्या जिभेनं केलं. नसेल पडली, तर... ह्या 'तर'च्या पुढे ती कधी गेलीच नव्हती. तिथे धूर होता.

अपा स्वयंपाकघरात टेबलाशी बसून तांदूळ निवडत होती. शहात्तर वर्षांची, वाकलेली, पण डोळे अजून खडा न् खडा टिपणारे. "लवकर आलीस," ती म्हणाली. बुरुलनं कोट काढला नाही. दारातच उभी राहिली.

"अपा, त्या वर्षी, मी जायची होते तेव्हा, तू खरंच आजारी होतीस?"

अपाचं बोट तांदळात थांबलं नाही. एक खडा बाजूला सारला, दुसरा सारला. "कोण विचारतंय?"

"मी."

"एवढ्या उशिरा?" अपा म्हणाली. मग तिनं ताट दूर केलं. "बस. कोट काढ आधी, परक्यासारखी उभी राहू नकोस. मी गोठ्यात होते. दोन्ही हात शेणानं भरलेले. गुलबारा आली वाडगं घेऊन धावत, 'कसं गं झालं हे, मूत्रपिंडं म्हणे!' मी म्हटलं, कुणाची? तर म्हणते, 'तुझी!'" अपा हसली, सुरकुत्यांतून डोळे दिसेनासे झाले. "मला कळलं, पोरगी पोस्टात काहीतरी बोलून आली. आता मी धडधाकट म्हटलं असतं तर गावभर तू खोटारडी झाली असतीस. म्हणून हात धुतले आणि झाले आडवी. आणखी काय करणार? मागोमाग अख्खी गल्ली आली, प्रत्येकीच्या हातात रस्सा. पिऊन पिऊन पोट फुगलं. वर्षभर मला बाजारात विचारायचे, मूत्रपिंडं कशी आहेत? मी सांगायची, उजवं बरं आहे, डावं कुरकुरतं."

बुरुलला हसू आलं नाही. "तू मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

खालच्या मजल्यावर कुणीतरी गालिचा झटकत होतं. मग अपा बोलली, पण आवाज आता वेगळा होता, सावकाश, एकेक शब्द निवडून बाजूला ठेवल्यासारखा. "हे झालं पहिल्या दिवसाचं. दुसऱ्या दिवशी तू माझ्या पायांशी बसलीस, तळवे चोळत. आठवतं? घरात दुसरं कुणी नव्हतं. गुरुवारला अजून आठवडा होता. मला म्हणता आलं असतं की, ऊठ गं, पिशवी भर, मी ठणठणीत आहे, बिश्केकला परत फोन लाव. शब्द अगदी ओठांवर होते. मी डोळे मिटून पडून राहिले." ती थांबली. "मला बरं वाटत होतं, बुरुल. तू जात नव्हतीस म्हणून. तुझे वडील तसे गेलेले, परत येतात की नाही ठाऊक नाही. मी पडून राहिले आणि देवाला म्हटलं, असंच राहू दे. आता तू म्हणशील, मग आजवर का नाही सांगितलंस. तू तुझ्या पोरांना माझ्या आजाराची गोष्ट सांगतेस, मला ठाऊक आहे. मला वाटायचं, सांगू दे. तेवढं तर मी देणं लागते."

बुरुलनं वाट पाहिली, आता काय येतं त्याची. राग येईल, रडू येईल. तिनं स्वतःला चाचपून पाहिलं, जसं घसरून पडल्यावर हाडं चाचपतात. आलं ते भलतंच. तिला लुबाडल्यासारखं वाटलं. एकतीस वर्षं ती भीती तिची एकटीची होती. लाजेची का होईना, पण स्वतःची वस्तू होती, रात्री कड बदलताना हाताला लागायची. आणि आता अपानं शांतपणे सांगून टाकलं की तिच्यातली अर्धी माझी. मग तिला वाटलं, अपानं त्या दिवशी 'ऊठ' म्हटलं असतं तर आपण उठलो असतो का? आणि ह्याचं उत्तर तिला ठाऊक होतं, तत्काळ, स्वच्छ. उठली नसती. दुसरं काहीतरी दुखणं शोधलं असतं, गाईचं, स्वतःचं. पोरीनं बरोबर ओळखलं होतं. सतरा वर्षांची पोरगी, वर्गात तिसऱ्या बाकावर बसून. "अपा," ती म्हणाली, आणि तिनं तांदळाचं ताट ओढून घेतलं आणि निवडू लागली. अपानं तिला निवडू दिलं. दोन वाजून गेले होते.

तीन वाजता तिनं अकिलायला फोन केला. "घरी ये माझ्या. आत्ता. लॅपटॉप घेऊन."

पोरगी आली ती पांढरी फटक पडून. बूट काढताना नाडीची गाठ बसली, ती सोडवत बराच वेळ ओणवीच राहिली. वर बघायला नको म्हणून राहिली असावी. "तुम्ही वाचलंत," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"सकाळीच वाचलं. जिन्यात खोटं बोलले."

"एजे, मी रागात लिहिलं होतं ते. डिसेंबरात मी तुम्हाला कोरियाचा फॉर्म दाखवला, तर तुम्ही म्हणालात, इतकं दूर कशाला, आधी जवळचं बघू. म्हणून रात्री बसून... मी ते पाठवणारच नव्हते. आईशप्पथ. मी किती कृतघ्न आहे, असं तुम्हाला..."

"मी असं म्हटलं होतं? कोरियाबद्दल?"

"हो."

बुरुलला आठवत नव्हतं. न आठवणंच जास्त लागलं. अशा किती पोरांना, किती डिसेंबरांत, ती काळजीच्या आवाजात काय काय म्हणून गेली असेल? एकेचाळीस गेले ते मोजले. फॉर्म दप्तरात परत ठेवून घरी गेले ते कुणी मोजले? तिनं खुर्ची ओढली. "बस. हे आजोबांचं काढून टाक."

"पण..."

"मेंढपाळ कळपाच्या मागे चालतो, अकिलाय. आणि तुझे आजोबा फिटर होते. तो जुना निबंध उघड. इंग्रजी बरं आहे, दोन ठिकाणी काळ चुकलाय. आणि एक गोष्ट चुकलीय."

अकिलायनं उघडला. पण बोटं कळांवर ठेवून नुसतीच बसली. "मी तुम्हाला भित्रं म्हटलंय हो त्यात. नावानिशी. तिकडचे लोक वाचतील."

"तिकडच्या लोकांशी मला काय सोयरिक जमवायचीय? नाव हवं तर काढ. 'माझ्या शिक्षिका' म्हण. पण भित्रं राहू दे." आपला आवाज इतका सरळ कसा निघतोय, याचं तिला नवल वाटलं, आणि त्याच वेळी आतून कुणीतरी तिची बाही ओढत होतं, पुरे, थांबव, अजून वेळ आहे. "तू लिहिलंयस, आई आजारी होती असं त्या सांगतात. पुढे लिही, आई आजारी नव्हती."

अकिलायनं दाराकडे बघितलं. आतल्या खोलीत अपाच्या पलंगाची कुरकुर ऐकू आली. "मग काय झालं होतं?" तिनं हळूच विचारलं.

बुरुलनं सांगितलं. खिडकीकडे न बघता सांगायचं असं ठरवून सुरुवात केली आणि दोन वाक्यांत ती खिडकीकडेच बघत होती. तर असो, म्हणून तिकडे बघूनच सगळं सांगितलं. पिवळी चादर, उशीवरचा कागद, मूत्रपिंडं. रश्शाचा भाग आला तेव्हा अकिलायला हसू फुटलं आणि तिनं घाईनं तोंडावर हात घेतला. "हस," बुरुल म्हणाली. "मग शेवटी असं लिही, त्या घाबरल्या, आणि त्यांच्या आईनं त्यांना घाबरू दिलं."

"'घाबरू दिलं' नको!" आतून अपाचा आवाज आला. "'आईलाही तेच हवं होतं', असं लिही. खरं लिहायचं तर सगळं लिहा."

त्यांनी सगळं लिहिलं. शब्दमर्यादा ओलांडली, तर धुराच्या कामाचा परिच्छेद आखडला, पुन्हा वाढवला, भांडल्या. "हे 'अत्यंत' कशाला? तुझ्या वयाची पोरं अत्यंत म्हणतात का?" "तुम्हीच शिकवलंत, एजे." "मी चुकीचं शिकवलं." पाच वाजता अकिलायनं निबंध वाचून दाखवला आणि वाचता वाचता तिचा आवाज एका ठिकाणी अडकला, आपण लिहिलेलं खरं निघालं की माणूस भितो तसा. मग बुरुलनं आपलं पत्र उघडलं. 'मला कळवण्यास अत्यंत आनंद होतो.' एकेचाळीस वेळा झाला होता तो आनंद. तिनं सगळं पुसलं. कोऱ्या पानावर कर्सरची काडी लुकलुकत राहिली. मग तिनं लिहिलं की ही मुलगी जे दिसतं ते बघते आणि बघितलं की गप्प बसत नाही. शाळेला त्याचा त्रास झाला आणि लहान मुलांना फायदा. माझ्याबद्दल तिनं जे लिहिलं आहे ते मी वाचलं आहे आणि ते खरं आहे. तिला तुमच्याकडे थंडी वाजेल, एकटं वाटेल, आणि तरी ती तुम्हाला उपयोगी पडेल. एवढंच. सहाला वीस मिनिटं कमी असताना दोन्ही फायली चढल्या. अकिलायनं बूट घातले, दारात घुटमळली. मग एकदम वाकून तिनं बुरुलच्या खांद्यावर डोकं टेकलं, धाडकन, जवळजवळ लागेल असं, आणि जिना उतरून गेली.

त्या रात्री बुरुलला चांगली झोप लागली असं म्हणता येणार नाही. नंतरही आठवडे गेले ते अस्वस्थच. तळमजल्यावरच्या फळ्यावर ती तारखा लिहायची आणि खडू हातात घेऊन उगाच उभी राहायची. जानेवारी संपेपर्यंत तिनं अकरावीच्या वर्गात आईच्या गोष्टीचा विषय काढला नाही. फेब्रुवारीत ती पुन्हा सांगितली, खरी. वर्ग गप्प झाला नाही. शेवटच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "म्हणजे एजे, तुम्ही थाप मारलीत!" आणि सगळे खो खो हसले. ती तिथे फळ्यापाशी उभी होती आणि जमीन दुभंगली नाही. घंटेनंतर तीन पोरं मागे थांबली. पूर्वी कधीच न थांबणारी. एक म्हणाली, "एजे, मला पण भीती वाटते, म्हणून मी फॉर्मच घेतला नव्हता."

एप्रिलात अकिलायचं नाव प्रतीक्षा यादीत आलं. पोरगी दोन दिवस शाळेत फिरकली नाही. मेच्या शेवटी, परीक्षेच्या धामधुमीत, पत्र आलं की जागा आहे, शिष्यवृत्तीही आहे. तिलेक अगायनी शिक्षकखोलीत "विमानतळ, बेचाळीस!" अशी आरोळी ठोकली. बुरुल हसली, पण तिला हेही वाटलं की आता हिशेब दोन्हीकडचा ठेवायला हवा.

जूनमध्ये एका रविवारी दुपारी अकिलायची आई आली. मायराम तिचं नाव. बोटांच्या टोकांना सुया टोचून टोचून राठ झालेली, बाजारातून थेट आलेली, हातात जर्दाळूंची पिशवी. आभार मानायला आले म्हणाली, आणि आभार मानता मानताच तिचा आवाज चढला. "तुम्ही चांगलंच केलंत, एजे. सगळे म्हणतात, नशीब काढलंस. पण मला कुणी विचारलं? चार वर्षं! माझं आहे कोण दुसरं? ती फॉर्म भरत होती तेव्हा मला म्हणाली, नुसतं बघतेय. नुसतं!" पिशवी अजून तिच्या हातातच होती. बुरुलला जे शब्द सुचत होते ते सगळे पूर्वी वापरून झालेले होते, सोन्यासारखी संधी, उज्ज्वल भविष्य. तिनं नुसती पिशवी हातातून घेतली.

अपा भिंतीला धरत धरत आतून आली. मायरामच्या शेजारी बसली, तिचा तो राठ हात आपल्या मांडीवर घेतला. "कधी जातेय?"

"एकोणीस ऑगस्टला, अपा."

"मग ऐक. पंधरा तारखेच्या सुमाराला तुझी कंबर धरेल. डोकं जड होईल, छातीत काहीतरी वाटेल. ते खरं असेल, खोटं नव्हे, तुला खरंच आडवं व्हावंसं वाटेल. पोरगी येऊन तुझे पाय चोळायला बसेल. होऊ नकोस आडवी."

मायरामनं बुरुलकडे बघितलं, ही म्हातारी काय बोलतेय असं. बुरुलनं अपाकडे मान वळवली. मायरामनं पुन्हा अपाकडे बघितलं आणि तिच्या हनुवटीला कंप सुटला. तिला कळलं असावं, किंवा कळू लागलं असावं. "मग काय करू?" तिनं विचारलं.

"उभी राहा," अपा म्हणाली. "कणीक मळ. बोरसोक तळ तिच्या वाटेसाठी. पुष्कळ तळ, एवढे की रडायला हात रिकामा राहायला नको."